औषध विषाणूवर, लक्ष ठोक्यांवर

मूल तापाने फणफणले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष थर्मामीटरवर खिळते. ताप किती आहे, उतरला का, पुन्हा चढला का, दिवसभर हीच चर्चा. मुलाचे हृदय मिनिटाला किती वेळा धडधडते आहे हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. इस्पितळात दाखल केल्यावर उशाशी मॉनिटर लागतो आणि तो आकडा प्रथमच घरच्यांच्या नजरेस पडतो. काल ११० दाखवणारे यंत्र आज ५८ दाखवू लागले की अम्मीच्या छातीत धस्स होते. कालपासून सलाईनमधून नवे औषध चालू आहे, हे तिला ठाऊक असते. मग मनात एकच विचार येतो : या औषधानेच माझ्या लेकराचे हृदय थांबवायला घेतले नाही ना?

हा प्रश्न खुळा नाही. विषाणूंवर दिली जाणारी काही औषधे मुलांच्या हृदयावर परिणाम करतात, हे डॉक्टरांना माहीत आहे आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकातही ते छापलेले असते. पण त्याचे उत्तर अर्धवट ऐकले तर दोन चुका होतात. काही घरे घाबरून औषध बंद करायला लावतात, सही करून मुलाला घरी घेऊन जातात. काही घरे याच्या उलट, साध्या तापातही ‘ते मोठे इंजेक्शन द्या ना’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. दोन्हीकडे नुकसान मुलाचेच. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत.

लहान हृदयाचा हिशोब वेगळा

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. हृदय दर ठोक्याला थोडे रक्त पुढे ढकलते. शरीराला जास्त रक्त लागले तर मोठ्या माणसाचे हृदय दोन गोष्टी करू शकते : ठोके वाढवते, किंवा प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलते. तान्ह्या बाळाच्या हृदयाला ही दुसरी गोष्ट फारशी जमत नाही. त्याचे सारे काम मुख्यतः ठोक्यांच्या संख्येवर चालते. म्हणूनच नवजात बाळाचे ठोके जागेपणी मिनिटाला १०० ते १६० आणि रडताना त्याहूनही अधिक असतात. एक-दोन वर्षांच्या मुलात ते साधारण १०० ते १४०, शाळकरी वयात सुमारे ७५ ते ११८ आणि बारा-तेरा वर्षांनंतर मोठ्यांप्रमाणे ६० ते १०० असतात. झोपेत ते कमी होतात, तापात वाढतात. ताप एक अंश सेल्सियसने चढला की ठोके साधारण दहाने वाढतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. चौदा वर्षांच्या मुलाचे ठोके रात्री झोपेत ५५ झाले आणि अंग उबदार, श्वास शांत असेल, तर ते कदाचित काळजीचे कारण नसेल. पण सहा महिन्यांच्या बाळाचे ठोके ५५ झाले तर ती धावपळीची वेळ आहे. बाळाचे ठोके ६० च्या खाली जाऊन अंग पांढरे-थंड पडू लागले, तर डॉक्टर लगेच त्याची छाती दाबून रक्त फिरते ठेवायला सुरुवात करतात. आकडा एकच, अर्थ वयाप्रमाणे वेगळा. एखाद्या औषधाने मोठ्या माणसाच्या ठोक्यांत जो फरक पडतो तो चालून जातो, पण तेवढाच फरक तान्ह्या बाळाला भारी पडू शकतो.

रेमडेसिविर : नाव सर्वांना ठाऊक, स्वभाव थोड्यांना

एप्रिल २०२१ चे दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. रेमडेसिविरच्या एकेका कुपीसाठी लोक शहरभर वणवण फिरत होते, काळ्या बाजारात वाटेल ती किंमत मोजत होते. ११ एप्रिल २०२१ रोजी केंद्र सरकारने या औषधाची निर्यात थांबवली. त्या दिवसांत हे नाव म्हणजे जणू जीवदानाचा परवाना झाले होते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता, कारण मोठ्या चाचणीत मृत्यू टळल्याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. पुढे अधिक माहिती हाती आल्यावर, २०२२ मध्ये, आजार बळावण्याचा धोका ज्यांना जास्त आहे अशा रुग्णांसाठी तिने ते सुचवले. मुलांच्या बाबतीत आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले होते की अठरा वर्षांखालील मुलांना रेमडेसिविर देऊ नये. सुरक्षितता आणि उपयोग यांची पुरेशी माहिती नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २५ एप्रिल २०२२ रोजी २८ दिवसांहून मोठ्या आणि किमान तीन किलो वजनाच्या मुलांसाठी त्याला मान्यता दिली. त्या निर्णयाला आधार असलेल्या अभ्यासात इस्पितळातली ५३ मुले होती.

आता हृदयाचा भाग. या औषधाने काही रुग्णांचे ठोके मंदावतात, मोठ्यांचेही आणि मुलांचेही. युरोपच्या औषध संस्थेने २०२१ मध्ये अशा नोंदी तपासून माहितीपत्रकात हा दुष्परिणाम लिहायला लावला. तो किती जणांत होतो हे सांगण्याइतकी माहिती नव्हती, म्हणून ‘प्रमाण अज्ञात’ अशीच नोंद झाली. त्याचबरोबर हेही आढळले की औषध थांबवल्यावर बहुतेकांचे ठोके काही दिवसांत पूर्ववत होतात.

असे का होत असावे? आपल्या शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचा एक नैसर्गिक पदार्थ असतो. हृदयातली विजेची लहर जिथून निघते आणि ज्या वाटेने पुढे जाते, तिथे तो लगाम घालतो. मुलाचे हृदय एकाएकी मिनिटाला दोनशेच्या वर धावू लागते, तेव्हा डॉक्टर हेच अ‍ॅडेनोसिन शिरेतून टोचतात आणि क्षणभरात धावते हृदय ताळ्यावर येते. रेमडेसिविरचा रेणू या अ‍ॅडेनोसिनच्याच घडणीचा आहे. विषाणू आपली नक्कल काढताना ही खोटी वीट खरी समजून भिंतीत बसवतो आणि त्याचे बांधकाम अडते. औषधाचा उपयोग त्या साम्यामुळेच होतो. हृदयालाही त्याच साम्याचा भास होऊन ते मंदावत असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागावरही थोडा परिणाम होत असावा, असेही काहींना वाटते. औषधाचा शरीरात तयार होणारा एक घटक अर्धा व्हायलाच सुमारे २७ तास लागतात. त्यामुळे बाटली काढली की लगेच ठोके वाढतील अशी अपेक्षा ठेवू नये. एक-दोन दिवस वाट पाहावी लागते आणि त्या काळात मॉनिटर चालू ठेवावा लागतो.

दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत. एक, मुलांना हे औषध वजनावर दिले जाते : चाळीस किलोखालील मुलास पहिल्या दिवशी दर किलोला पाच मिलिग्रॅम, पुढे अडीच. म्हणून ‘असेल पंधरा-सोळा किलो’ असे अंदाजाने सांगू नये. काट्यावर उभे करून वजन घ्यायला लावावे. दोन, हे औषध शिरेतून सावकाश, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतच्या वेळात सोडायचे असते. ते घरी कोणाकडून टोचून घेण्याचे इंजेक्शन नव्हे. ठोके मोजणारे यंत्र आणि ते वाचणारे माणूस जिथे आहे, तिथेच ते द्यायला हवे.

औषध ठीक, पण कशात विरघळवले?

दुसरे उदाहरण एचआयव्हीच्या औषधाचे आहे. लोपिनाविर आणि रिटोनाविर ही जोडगोळी अनेक वर्षे एचआयव्ही असलेल्या मुलांना दिली जात आली. गोळी गिळता न येणाऱ्या मुलांसाठी तिचे पातळ औषध निघाले. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल गंभीर इशारा दिला. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या काही बाळांना ते दिल्यावर हृदयाची विजेची वाट बंद पडणे, ठोके अगदी मंदावणे, हृदयाचा स्नायू दुबळा होणे, मूत्रपिंड निकामी होणे, असे प्रकार घडले होते.

या पातळ औषधात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल आणि १५ टक्के प्रोपिलिन ग्लायकॉल नावाचा द्रव होता. ही औषधे पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून त्यांची गरज पडली. अल्कोहोल असलेले औषध घ्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या वाचकांना आधी सुचेल आणि तो जाणत्या आलिमांना जरूर विचारावा. इथला मुद्दा मात्र शरीराचा आहे. मोठ्यांचे यकृत हे दोन्ही द्रव फोडून बाहेर टाकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार झालेले नसतात. शिवाय अल्कोहोल आणि तो दुसरा द्रव बाहेर पडण्यासाठी एकाच दारावर गर्दी करतात. अल्कोहोलला आधी वाट मिळते आणि दुसरा द्रव रक्तात साचत जातो. तेव्हापासून नियम असा झाला : बाळ जन्मून किमान १४ दिवस झालेले असावेत आणि आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजले तर ४२ आठवडे पूर्ण झालेले असावेत, त्याआधी हे पातळ औषध देऊ नये.

या अडचणीवर एक वाट आपल्या मुंबईतूनही निघाली. सिप्ला कंपनीने हेच औषध बारीक दाण्यांच्या रूपात तयार केले. ते मऊ अन्नावर भुरभुरून देता येते, त्यात अल्कोहोल नाही आणि ते थंड जागी ठेवण्याची गरजही नाही. २०१५ मध्ये त्याला अमेरिकी प्रशासनाची तात्पुरती मंजुरी मिळाली. अगदी तान्ह्या बाळाला दाणे गिळता येत नाहीत, म्हणून ते तीन महिन्यांपुढील बाळांसाठी आहेत. तरीही गोळी आणि पातळ औषध यांच्या मधली एक मोठी फट त्यांनी भरून काढली.

मोठ्यांची गोळी कुटून, पाण्यात कालवून ‘अर्धीच दिली’ म्हणणाऱ्या दादी-नानींना आम्ही हे उदाहरण मुद्दाम सांगतो. मुलाचे शरीर म्हणजे मोठ्याच्या शरीराचा अर्धा भाग नव्हे. वय आणि वजनाबरोबर औषध ज्यात मिसळले आहे तो द्रवही पाहावा लागतो.

एकटे बरे, जोडीला घातक

काही औषधे एकेकटी निमूट असतात, जोडीने आली की उपद्रव करतात. हेपेटायटिस सी या यकृताच्या आजारावर सोफोसबुविर हे गुणकारी औषध आहे. मार्च २०१५ मध्ये इशारा आला की अमिओडॅरोन या हृदयाच्या औषधाबरोबर ते घेतल्यास ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात. काही रुग्णांना पेसमेकर बसवावा लागला, एकाचा मृत्यू झाला. जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांना अमिओडॅरोन चालू असते. यकृताच्या डॉक्टरांना ते सांगितलेच नाही तर त्यांना कळणार कसे?

रिबाविरिनचा मार्ग निराळा. ते रक्तातल्या लाल पेशी फोडते. रक्त कमी पडले की तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला जास्त राबावे लागते. निरोगी हृदय ते सोसते, आधीच अधू असलेले कोलमडू शकते. म्हणूनच गंभीर हृदयविकार असलेल्यांना रिबाविरिन देत नाहीत. उलटी थांबवायला दिले जाणारे ऑनडॅनसेट्रॉन आणि खोकल्या-तापात सर्रास लिहिले जाणारे अ‍ॅझिथ्रोमायसिन यांचाही हृदयाच्या विजेवर थोडा परिणाम होतो. एरवी तो जाणवत नाही. पण जन्मतः त्या विजेत दोष असेल, किंवा जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरले असेल, तर अशी दोन-तीन औषधे एकत्र आल्यावर ठोक्यांचा ताल बिघडू शकतो.

दोष औषधाचा की आजाराचा?

इथे न्यायाने वागले पाहिजे. ठोके मंदावले म्हणजे गुन्हेगार औषधच, असे नसते. डेंग्यूतून बरे होताना अनेक मुलांचे ठोके आपोआप मंदावतात आणि डेंग्यूवर तर विषाणू मारणारे कोणतेही औषध दिले जात नाही. काही विषाणू थेट हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलांना होणारा, हृदयासह अनेक अवयवांना सूज आणणारा आजार एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी प्रथम निदर्शनास आणला. तो औषधामुळे झालेला नव्हता. एचआयव्हीचे तसेच आहे. झिडोवुडीन या जुन्या औषधाबद्दल हृदयाच्या स्नायूसंबंधी शंका घेतल्या गेल्या, पण उपचाराविना राहिलेला एचआयव्ही मुलाचे हृदय किती तरी अधिक पोखरतो. उपचार सुधारत गेले तसे अशा मुलांतील हृदयाच्या स्नायूचे आजार कमी झाले.

म्हणून डॉक्टर दोष ठरवण्याआधी ईसीजी काढतात, हृदयाची सोनोग्राफी करतात, क्षार तपासतात, औषध सुरू केल्याची वेळ आणि ठोके उतरल्याची वेळ ताडून पाहतात. मूल हसत-खेळत असेल, हातपाय उबदार असतील, लघवी नीट होत असेल, तर पुष्कळदा फक्त लक्ष ठेवून औषध पुरे करतात. तशी लक्षणे नसतील तर थांबवतात. हा निर्णय आकड्यावर नव्हे, मुलाकडे पाहून होतो.

घरच्यांच्या हाती काय आहे?

पुष्कळ काही आहे. सर्दी, कांजिण्या, डेंग्यू, साधा व्हायरल ताप यांत बहुतेक निरोगी मुलांना विषाणूविरोधी औषध लागतच नाही. पाणी, विश्रांती, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि लक्ष पुरते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले नाही म्हणजे उपचारच केले नाहीत, हा समज सोडून द्यावा. पण ते देणे गरजेचे आहे असे त्यांनी सांगितले, तर पुढील गोष्टी त्यांच्या कानावर घालाव्यात :

• मुलाला जन्मजात हृदयदोष आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, ते कधी बेशुद्ध पडले होते का.

• घराण्यात कोणी तरुण वयात, खेळताना किंवा झोपेत अचानक दगावले आहे का. जवळच्या नात्यात लग्ने झालेल्या घरांनी ही माहिती विशेष आठवून सांगावी, कारण आई-वडील दोघांकडून आलेले काही आनुवंशिक दोष अशा घरांत अधिक उमटतात.

• मूल किती आठवड्यांचे जन्मले आणि आज त्याचे वजन किती.

• चालू असलेली सगळी औषधे, हकीमसाहेबांचे माजून, आयुर्वेदिक काढा आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्याही. रागावतील म्हणून लपवू नये.

मग त्यांना विचारावे : या औषधाने ठोक्यांवर परिणाम होतो का? मॉनिटर किती दिवस राहील? कोणता आकडा दिसला की तुम्हाला बोलवायचे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही.

घरी नाडी मोजायला शिकणेही अवघड नाही. मोठ्या मुलाच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, तर बाळाच्या दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवावीत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. मूल निरोगी असताना एकदा जागेपणी आणि एकदा झोपेत मोजून आकडा वहीत लिहून ठेवावा. आजारपणात तुलना करायला तोच उपयोगी पडतो.

इस्पितळातून घरी आल्यावर मूल निस्तेज झाले, दूध पिताना घामाघूम होऊ लागले, हातपाय थंड पडले, ओठ निळसर दिसले, चक्कर येऊन पडले किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट पाहू नये, तडक इस्पितळ गाठावे. मात्र एचआयव्ही किंवा हेपेटायटिसची दीर्घकाळ चालणारी औषधे शंका आली म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. विषाणूला तेवढीच सवड पुरते.

औषधाने मंदावलेले हृदय बहुधा पुन्हा आपल्या चालीवर येते. त्यासाठी ते मंदावले आहे हे कोणाच्या तरी वेळेत लक्षात यावे लागते. शिफा देणारा अल्लाह आहे आणि दुआ तर आपण करतोच. तिच्याबरोबर मुलाचे खरे वजन, खरी औषधे आणि घराण्याचा खरा इतिहास डॉक्टरांपुढे ठेवणे, ही आपल्या हाती सोपवलेल्या अमानतीची किमान राखण आहे. आजच एका कागदावर या चार गोष्टी लिहून मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा.